सोलर वॉटर हीटर: आधी घराचा नकाशा, मग दुकान

निफाडच्या थंडीत सोलर चालतो का, असं मला नव्यानं घर बांधणारे सगळेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला की त्याची बातमी राज्यभर होते. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून त्या वेळी ठिबकही सोडतात. तर माझं उत्तर असं: सोलर चालतो आणि छान चालतो. आमच्याकडच्या थंडीत आभाळ स्वच्छ असतं आणि सोलरला ऊन लागतं, गरम हवा नाही. तो अडतो सावलीत, टाकीच्या उंचीत आणि पाइपाच्या लांबीत. या तिन्ही गोष्टी दुकानात नाही, घराच्या नकाशावर ठरतात.

आमचा सोलर 300 लिटरचा आहे, ईटीसी प्रकारातला, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा. 58 मिलिमीटर व्यासाच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या 30 नळ्या आहेत. घरात आम्ही सात माणसं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे क्षमता ठरवताना विक्रेत्यानं सांगितलेल्या आकड्यावर न थांबता हिशेब मांडला. थंडीत वरच्या टाकीतलं पाणी सकाळी 16 अंश आणि सोलरचं 60 अंश धरलं, तर अंगाला सोसेल अशी 40 अंशांची 20 लिटरची बादली भरायला सोलरचं 11 लिटर पाणी लागतं. सोलरचं पाणी 50 अंशच असेल तर 14 लिटर. माणशी दीड बादली, वर सासूबाईंचे गुडघे शेकायला घमेलंभर पाणी. 200 लिटरमध्ये निरभ्र दिवशी भागलं असतं. पण सासूबाई पहाटे पाचला अंघोळ करून देवपूजेला बसतात, आणि पहाटे पाचचं पाणी हे काल तापलेलं पाणी असतं. रात्री मुलांनी भसाभसा वापरलं तर सकाळी टाकीत काही उरत नाही. म्हणून 300. ज्यांच्याकडे सगळे सकाळीच उरकतात, त्यांनी 200 चा विचार जरूर करावा.

एफपीसी, म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा सपाट पत्र्यासारखा प्रकार, आम्ही पाहिला होता. तो दणकट असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण आमचं बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर बसतो तसाच तो तांब्याच्या बारीक नळीत बसतो आणि हळूहळू पाण्याची वाट बुजवतो. ईटीसीच्या नळ्या रुंद असल्यामुळे क्षार तळाशी साचतात, वाट बुजत नाही. पाणी गोडं असेल किंवा उष्णता-विनिमयकवाला एफपीसी (ज्यात घरचं पाणी त्या बारीक नळ्यांतून फिरतच नाही) परवडत असेल तर तो घ्यावा, माझी ना नाही.

आता सावली. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गावात निम्मे सोलर सावलीत उभे दिसतात. निफाडचं अक्षांश साधारण 20 अंश. 22 डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांवर असतो, डोक्यावर नाही, दक्षिणेला कललेला. त्या वेळी भिंत जेवढी उंच जवळपास तेवढीच तिची सावली उत्तरेकडे पडते. सकाळी साडेनऊला सूर्य आग्नेयेला 28 अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे गच्चीवरची जिन्याची खोली 8 फूट उंच असेल आणि सोलर तिच्या उत्तरेला बसवला, तर ज्या महिन्यात गरम पाणी सर्वांत जास्त हवं त्याच महिन्यात तो अर्धा दिवस अंधारात राहणार. मे महिन्यात बसवून बघाल तर सावली दिसणारही नाही. साडेतीन फुटी कठड्याचंही तेच. दक्षिणेच्या कठड्यापासून सोलर किमान चार फूट मागे हवा, नाहीतर त्याला ओटा करून उचलून घ्यावा.

आम्ही जिना वायव्येला घेतला. त्यामुळे जिन्याची खोली सोलरच्या मागे, उत्तरेला गेली आणि पुढची सगळी गच्ची दक्षिणेच्या उन्हाला मोकळी राहिली. दुसरा फायदा उंचीचा. या सोलरला पाणी गुरुत्वानं मिळतं, म्हणून थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. ईटीसीसाठी गच्चीपासून सात फूट तरी. आमची टाकी जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवरच बसली, वेगळे खांब उभारावे लागले नाहीत. सोलरमधून वर जाणारा हवेचा पाइप मात्र थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यावा लागतो, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहतं. हा पाइप लांबलचक होतो आणि वाऱ्यात हलतो. आमचा जिन्याच्या भिंतीला क्लॅम्प मारून बांधलाय.

एक गोष्ट ठळक सांगते. शॉवरला जोर यावा म्हणून थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवायचा विचार असेल, तर तो सोलर घेण्याआधीच विक्रेत्याला सांगा. साधा सोलर दाबासाठी बनवलेला नसतो, टाकी फुगते, फुटते. पंप हवाच असेल तर दाब सहन करणारा प्रकार घ्या किंवा पंपाची जोडणी सोलरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या लाइनवर करून घ्या.

पाइपाबद्दल आमच्या प्लंबरदादांशी बरीच चर्चा झाली. "ताई, एक इंची टाकू, पाणी धो-धो येईल," असं ते म्हणत होते. एक इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपात दर मीटरला 400 मिलिलिटरहून जास्त पाणी मावतं, पाऊण इंचीत साधारण 260, अर्धा इंचीत 120 च्या आसपास. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत 18 मीटर एक इंची पाइप असेल तर नळ उघडल्यावर साडेसात लिटरहून जास्त गार पाणी वाहून गेल्यावर गरम येतं. दर वेळी. सात माणसांच्या घरात हे पाणी कुठे जातं, विचार करा. दोन्ही बाथरूम एकावर एक, वर सोलर, मधून पाऊण इंची सरळ उभी लाइन आणि बाथरूममध्ये शिरताना अर्धा इंची, असं ठरलं. पाइप 11 मीटरच्या आत बसला आणि तीन लिटरच्या आत गरम पाणी येतं. स्वयंपाकघर लांब पडतं म्हणून तिथे सोलरची लाइन नेलीच नाही, सिंकखाली छोटा गीझर आहे. लांब लाइन टाकणं मला पटलं नसतं.

सीपीव्हीसी का, तर उन्हाळ्यात पाणी वापरलं नाही की ईटीसीत ते 80 अंशांपर्यंतही जातं. साधा पीव्हीसी पाइप त्यात मऊ पडून वाकतो. पाइपावर काळ्या नायट्रिल रबराचं आवरण हवं, आणि ते भिंतीतल्या झिरीतही हवं. बसवायला आलेल्या मुलांनी फक्त गच्चीवरच्या दिसणाऱ्या पाइपाला आवरण घातलं आणि झिरीतला पाइप उघडाच सोडला होता. प्लॅस्टर व्हायच्या आत आम्ही ते पूर्ण करून घेतलं. गच्चीवरच्या आवरणाला वरून उन्हापासून वाचवणारा पट्टाही गुंडाळा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ते भुगा होऊन गळतं.

ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत दोन किलोवॉटची कॉइल टाकून देतात. आम्ही ती घेतली नाही. 300 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जवळपास 9 युनिट वीज लागते. एका माणसाच्या अंघोळीसाठी ती अख्खी टाकी तापवत बसते. त्याऐवजी बाथरूममध्ये 15 लिटरचा गीझर आहे. ते 15 लिटर पाणी तेवढ्याच अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून कमी लागतं. पावसाळ्यात आमचं काम त्यावर चालतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सोलरकडून फार अपेक्षा ठेवू नये हे मी स्पष्ट सांगते. पाणी कोमट मिळतं, काही दिवस तेही नाही. गीझर आणि सोलरच्या लाइन एकत्र येतात तिथे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लागतोच, नाहीतर पाणी उलटं फिरतं.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस दाराच्या आत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशी बातमी वाचते आणि जीव कळवळतो. लावायचाच तर बाहेर, उघड्या हवेत.

पूर्वी आमच्याकडे बंब होता, छाटणीच्या काड्यांवर चालणारा. सासूबाई अजून त्याची आठवण काढतात, पण पहाटे धुरात बसून डोळे चोळणं त्यांनाच सोसावं लागायचं. आता नळ सोडला की झालं, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटतं.

देखभालीत एकच पथ्य मोठं आहे: नळ्या कोरड्या तापू द्यायच्या नाहीत. आमची बोअर शेतीच्या थ्री-फेजवर, वीज कधी दिवसा तर कधी रात्री. वरची टाकी रिकामी झाली, सोलरही रिकामा झाला आणि दुपारी वीज येऊन तापलेल्या काचेत गार पाणी घुसलं, तर नळी तडकते. सोलर रिकामा झालाच तर त्यात गार पाणी नेणारा कॉक बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यात पाणी सोडायचं. म्हणून वरची टाकी 2000 लिटरची घेतली. वर्षातून एकदा तळाचा व्हॉल्व्ह उघडून क्षार काढायचे, आणि धूळ पुसायची. बागेत फवारणी झाली की काचांवर पांढरट थर येतोच. गारपिटीची धास्ती आहे. 2014 मध्ये आमच्या जिल्ह्यानं ती भोगली आहे. लहान गारा या काचा झेलतात, मोठ्या झाल्या तर फुटणारच. पण फुटलेली नळी तेवढीच बदलता येते. खरेदी करतानाच दोन-तीन नळ्या आणि त्यांचे रबरी वॉशर जादा घेऊन ठेवा, नंतर तोच आकार मिळेलच असं नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर खोल्यांचंही सांगते, कारण ऊब फक्त पाण्यात नको असते. सासूबाईंची खोली दक्षिणेला आहे. तिच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा आहे. डिसेंबरात सूर्य खाली असल्यामुळे चार फुटी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं आणि जमिनीवर साडेतीन फूट आतपर्यंत पसरतं. एप्रिलअखेरीस सूर्य जवळपास डोक्यावर, तेव्हा त्याच छज्जानं खिडकी पूर्ण सावलीत जाते. पश्चिमेला बाथरूम, जिना आणि कोठीची खोली. मे महिन्यातल्या दुपारचं ऊन त्यांच्या भिंती खातात, झोपायच्या खोल्या वाचतात. यासाठी वेगळा पैसा लागला नाही, फक्त इंजिनिअरसमोर बसून हट्ट धरावा लागला.

यंत्राबद्दल मी समाधानी आहे. विक्रेत्याच्या सेवेबद्दल कमी. बसवून झाल्यावर पहिल्या तक्रारीला माणूस यायला फार दिवस गेले, म्हणून जवळच्या गावातला, स्वतःचा मिस्त्री असलेला विक्रेता निवडा, चार पैसे जास्त गेले तरी. भाड्याच्या घरात, खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा दोनच माणसं असतील तर मी सोलर सुचवणार नाही, साधा गीझर पुरेसा आहे. आणि तुमचं घर अजून कागदावर असेल तर स्लॅब पडण्याआधी इंजिनिअरला गच्चीचा नकाशा वेगळा काढायला लावा: जिन्याची खोली, थंड टाकी, सोलर, हवेचा पाइप, उत्तर दिशेचा बाण, आणि डिसेंबरमधल्या सकाळी साडेनऊची सावली.