समबडी अप देअर लाइक्स मी (१९५६): ठोसे नंतर, आधी बापाची भानगड

बॉक्सिंगचा पिक्चर म्हणून लावाल तर सुरुवातीला चुळबुळ कराल, आधीच सांगून ठेवतो, कारण रिंग लई उशिरा येते. तोवर नुसती चोरी, मारामारी, जेल, मग मिलिटरी, तिथंबी कॅप्टनला ठोसा हाणून पळून जायचं, परत जेल. मला तोच भाग जास्त आवडला.

पिक्चर ज्याच्यावर आहे तो रॉकी ग्रॅझियानो हा खरा बॉक्सर, मूळ नाव थॉमस रोको बार्बेला, न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतला. बाप स्वतः बॉक्सिंगमध्ये काही करू न शकलेला, दारूडा, सुरुवातीलाच बारक्या पोराचं तोंड फोडतो आणि पोरगं रडत रस्त्यानं पळत सुटतं ते पळता पळताच मोठं झालेलं दिसतं. काय सीन आहे राव! असले बाप आमच्या खानापूर-बेळगावकडच्या तालमीतबी बघितलेत, स्वतःला मैदान मारता आलं नाही की पोराला पहाटे उठवून जोर-बैठका काढायला लावणारे, पण आमच्यात निदान वस्ताद तरी मधी पडतो. ह्याला वस्ताद भेटतो तो मिलिटरीच्या जेलमध्ये, आणि तो गडी सुधर बाबा वगैरे प्रवचन देतच नाही, तुझ्यातला हा राग रिंगमध्ये काढ, पैसे मिळतील, एवढाच त्याचा हिशोब. पटलं मला.

रॉकी झालेला पॉल न्यूमन जबरदस्त. हा रोल आधी जेम्स डीन करणार होता, तो १९५५ ला अपघातात गेला म्हणून न्यूमनकडं आला. खांदे पाडून चालणं, तोंडातल्या तोंडात बोलणं, सबटायटल लावूनच बघा नाहीतर निम्मं कळणार नाही. गँगमधल्या पोरांत स्टीव्ह मॅक्वीन थोडा वेळ दिसतो, तेव्हा त्याला कोण ओळखत नव्हतं. बायको नॉर्मा म्हणजे पिअर अँजेली, चांगली आहे पण तिला मारामारी आवडत नाही ह्यापलीकडं काम कमी दिलंय. मॅच हरायला पैसे देऊ म्हणणाऱ्यांचा भाग पण घाईत उरकलाय.

शेवटची मिडलवेट चॅम्पियन टोनी झेलसोबतची फाइट मात्र तालमीतल्या एका मित्राला दाखवली तर तो ओरडायलाच लागला, "अरे हात वर घे की, तोंड पुढं करून मार खायालाय नुसता!" ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफीला ऑस्कर मिळालंय ते ह्या फाइटमध्ये कळतं, घाम आणि रक्त दोन्ही काळंच दिसतं आणि तरी अंगावर येतं.

तक्रार एकच. १९४७ ला शिकागोत सहाव्या राउंडला रॉकी जिंकतो, मिरवणूक निघते, पिक्चर संपला. पुढच्याच वर्षी झेलनं त्याला तिसऱ्या राउंडला झोपवून टायटल परत नेलं ते दाखवतच नाहीत. हरलेला रॉकी त्या बापासमोर कसा उभा राहिला असता, मला ते बघायचं होतं.