डेल्टा राज्याची माहिती देणारा बडोद्यातला वर्ग: नकाशा पक्का, हिशेब कच्चा

नायजेरियात कामाला निघालेल्या फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंटवाल्यांसाठी रावपुऱ्यात शनिवार-रविवार हा वर्ग भरतो. कोयलीच्या रिफायनरीत हात बसलेल्या माणसाला काम शिकवावं लागत नाही, पण आपण नेमके कुठे निघालोय हे कळायलाच हवं. त्यासाठी शनिवारचा दिवस फार मोलाचा आहे.

नायजर डेल्टा आणि डेल्टा राज्य एकच, हा मोठा घोळ पहिल्या तासातच निस्तरतात. नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश अनेक राज्यांत पसरलाय, आणि डेल्टा हे त्यातलं फक्त एक राज्य. पोर्ट हारकोर्ट त्यात येत नाही, ते रिव्हर्स राज्यात. जुन्या बेंडेल राज्याची २७ ऑगस्ट १९९१ रोजी फाळणी होऊन डेल्टा आणि एडो अशी दोन राज्यं झाली. डेल्टाची राजधानी असाबा, नायजरच्या पश्चिम काठावर. तेलाचं शहर मात्र वॉरी, रस्त्याने साधारण पावणेदोनशे किलोमीटर दूर. विमानतळ असाबाला आहे आणि वॉरीजवळ ओसुबीलाही. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कुठला विमानतळ ते एजंटाकडून लिहून घ्या, हा सल्ला अगदी योग्य.

भिंतीवरचा मोठा नकाशा ही या वर्गाची खरी कमाई. त्यावर एस्क्राव्होस आणि फोर्काडोस नद्यांची मुखं बोट ठेवून दाखवतात. मुखाशी गाळ साचून पाणी उथळ झालंय, म्हणून मोठी जहाजं वॉरी बंदरापर्यंत येत नाहीत. कच्चं तेल समुद्राखालच्या वाहिनीने खोल पाण्यातल्या बोयापर्यंत (नांगरलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत) नेऊन तिथे टँकरमध्ये भरतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये फोर्काडोसची ही वाहिनी फोडली तेव्हा निर्यात का थांबली, ते नकाशा पाहिल्यावर लगेच उमगतं. खाजणातल्या कामावर बोटीने किंवा हेलिकॉप्टरनेच जावं लागतं, हेही स्पष्ट सांगतात.

रविवारी मात्र गाडी घसरते. तेलाच्या पैशाचा जो छापील कागद देतात, त्यात १०० नायरातून (नायरा हे तिथलं चलन) तेल उत्पादक राज्यांना १३ दिलेत, आणि खाली पुन्हा पूर्ण १०० चीच वाटणी: केंद्र ५२.६८, राज्यं २६.७२, स्थानिक सरकारं २०.६०. बेरीज ११३ होते! खरी रीत अशी की नायजेरियाच्या राज्यघटनेच्या कलम १६२ प्रमाणे नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातले किमान १३ टक्के आधी बाजूला निघतात. उरलेल्या ८७ ला ते प्रमाण लावायचं. मग केंद्राला ४५.८३, सगळ्या राज्यांना मिळून २३.२५ आणि स्थानिक सरकारांना १७.९२. शिवाय ते १३ काही एकट्या डेल्टाचे नाहीत. ज्याच्या हद्दीत जेवढं तेल निघतं, त्या मानाने ते वाटले जातात. जमिनीखालचं तेल केंद्राच्या मालकीचं, आणि झळ सोसणारे खाडीकाठचे लोक. तिथला राग या हिशेबातूनच आलाय. म्हणून कागद दुरुस्त करणं तातडीचं आहे.

राज्यकारभाराचा भाग घाईत उरकतात. २५ स्थानिक सरकारं, २९ सदस्यांची विधानसभा, मे २०२३ पासून राज्यपाल शेरिफ ओबोरेव्होरी. तिथला राज्यपाल निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार करतो, एवढं एक वाक्य तरी हवं होतं. वॉरीतल्या इजॉ, इत्सेकिरी आणि उरोबो समाजांतल्या तणावाबद्दल तर चकार शब्द नाही. १९९७ मध्ये एका स्थानिक सरकारचं मुख्यालय इजॉंच्या ओग्बे-इजोहून इत्सेकिरींच्या ओगिदिगबेनला हलवलं, त्यावरून रक्तपात झाला. ही जमीन कोणाची, असं तिथे सहज म्हणूनही विचारू नये, हे निघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.

वॉरीची रिफायनरी १९७८ ची, क्षमता दिवसाला सव्वा लाख बॅरल, असं सांगतात ते बरोबर. पण ती कित्येक वर्षं बंद पडून होती हे गाळतात. करारात कामाची जागा म्हणून ती लिहिली असेल, तर युनिट आज चालू आहे का, हे सही करण्याआधी विचारा.

फक्त शनिवारची फी भरून बसता येत असेल, तर तेवढंच करा.