घरच्या वाइनची बाटली: बूच, फिरकी की क्राउन?

नाशकात रिकाम्या वाइनच्या बाटल्यांना तोटा नाही. भंगारवाल्याला सांगून ठेवलं की पोतंभर येतात. घोळ होतो तो तोंडाशी. इथल्या पुष्कळ बाटल्या फिरकीच्या झाकणाच्या असतात. सुलासारख्या मोठ्या वायनरीनेही बऱ्याच वाइनना बुचाऐवजी तेच झाकण लावलंय. त्यामुळे ‘मला बूचच लावायचंय’ असं ठरवून बाटल्या गोळा करायला निघू नका. मिळालेली बाटलीच झाकण ठरवते.

आणि परवाना. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे त्याशिवाय घरीसुद्धा वाइन करता येत नाही. ते आधी मार्गी लावा.

बूच दिसायला राजेशाही, पण सगळ्यात जास्त नखरे त्याचेच. ७५० मिलीच्या बाटलीचा गळा आतून साधारण साडेअठरा मिमी असतो आणि बूच २४ मिमी जाड. म्हणजे ते आवळून बारीक करायचं आणि त्याच क्षणी आत ढकलायचं. त्यासाठी बूच बसवायचं यंत्र लागतं. हातोडीने ठोकायला गेलात तर बूच चुरगळतं, नाहीतर काठाचा टवका उडतो. स्क्रूने काढलेलं जुनं बूच पुन्हा वापरू नका, भोकातून हवा जाते. तोंडाखाली आटे दिसले की त्या बाटलीला बूच लावायचा विचारच सोडा: तिची तोंडाजवळची काच पातळ असते आणि आतला गळा बुचाच्या मापाचा असेलच असं नाही. बूच बसल्यावर दोन-तीन दिवस बाटली उभी ठेवायची, मग आडवी. वाइन आणि बूच यांच्यात दीड-दोन सेंमी जागा सोडा. एप्रिलात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली वाइन फुगून बूच वर ढकलते, हे मात्र जागा सोडूनही होतं. वर्षानुवर्षं मुरवायची वाइन असेल तर एवढा खटाटोप सार्थकी लागतो. बाजारातल्या खायच्या द्राक्षांची घरगुती वाइन मात्र वर्षभरात संपवलेलीच बरी, असं माझं मत.

फिरकीचं झाकण फुकट मिळतं, हाच त्याचा मोठा गुण. कारखान्यात ते यंत्राने आट्यांवर दाबून बसवलेलं असतं. एकदा उघडलं की आतल्या चकतीवर काठाचा वळ राहतो आणि हाताने कितीही आवळलं तरी ती पहिल्यासारखी बसत नाही. पाणी भरून बाटली रात्रभर कागदावर उलटी ठेवा; कागद ओला झाला तर झाकण बाद. कोरडा राहिला तरी हवा आत जातच नाही असं समजू नका. दोन-तीन महिन्यांत संपणाऱ्या वाइनपुरतं ठीक.

माझा कौल बियरच्या ६५० मिलीच्या तपकिरी बाटलीला. २६ मिमीचं दातेरी पत्र्याचं झाकण, म्हणजे क्राउन, दोन दांड्यांच्या हातयंत्राने एका दाबात बसतं. झाकण दर वेळी नवं, बाटली तीच. बियर कंपन्या स्वतः त्या परत घेऊन पुन्हा भरतातच की. तपकिरी काच उजेडही अडवते. काठावरून नख फिरवून टवका नाही ना, तेवढं बघा. पाहुणे बाटलीकडे बघून हसतील, हसू देत. जगमध्ये ओतून द्या.

तारेच्या कडीची बाटलीही चालते, रबर मऊ असेल तर. पण सजावटीच्या दुकानातल्या तसल्या बाटल्या दाब सोसायला केलेल्या नसतात.

धुताना लेबल काढायला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. ब्लीच टाळा, विशेषतः बूच लावणार असाल तर. क्लोरीनमुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरू शकतो. मग लिटरभर पाण्यात दहाएक ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (वाइनवाल्यांची जंतुनाशक पूड) घालून बाटल्या विसळा आणि उलट्या निथळत ठेवा. त्याचा वास नाकात झोंबतो, दमा असेल तर लांबच राहा.

यातलं कुठलंही झाकण निवडा, आंबणं थांबलेलं नसेल तर बाटली फुटण्याची भीती राहतेच. निफाडकडच्या थंडीत यीस्ट गारठतं, बुडबुडे बंद होतात आणि वाइन तयार झाली असं वाटतं. उन्हाळा लागला की उरलेल्या साखरेवर तेच यीस्ट पुन्हा जोर धरतं. म्हणून बुडबुड्यांवर जाऊ नका. हायड्रोमीटरचा, म्हणजे वाइनची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचनळीचा, आकडा १.००० च्या खाली आणि आठवडाभर जागचा हललेला नसेल, तरच भरा. गोड वाइनचा प्रश्न वेगळा, तिच्यात साखर असणारच. तिला पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारं) आणि मेटाबायसल्फाइट दोन्ही लागतात, नाहीतर फ्रिज. शंका असेल तर त्याच वाइनची एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून शेजारी ठेवा आणि अधूनमधून दाबून पाहा. ती दगडासारखी लागली की काचेच्या सगळ्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये न्या, आणि गार झाल्यावरच उघडा.