दसऱ्यासाठी घेतलेली झेंडूची ट्रेमधली रोपे

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. तोरणाची फुले परसातलीच असावीत म्हणून त्या वर्षी २० जुलैला साताऱ्यातील आमच्या घराजवळच्या रोपवाटिकेतून नारंगी गोंडा झेंडूची ३० रोपे प्रत्येकी चार रुपयांना आणली. त्याआधी दोन वर्षे मी बाजारच्या हारातील सुकलेल्या फुलांचे बी पेरत होते. परंतु बाजारातील गोंडा बहुतेक संकरित वाणाचा असल्याने त्याच्या बियांतून मूळ झाडासारखे झाड येईल याचा भरवसा नसतो, आणि माझ्या वाफ्यात निम्म्याहून अधिक झाडांना एकेरी, मधे उघडी पडलेली फुले आली होती.

रोपांचा दर्जा उत्तम होता. साधारण २५ दिवसांची, चार-पाच पानांची, ठेंगणी आणि जाड खोडाची रोपे होती. कप्प्यातून अलगद काढल्यावर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गड्ड्याभोवती पांढऱ्या मुळांची जाळी स्पष्ट दिसत होती. सावलीत वाढून लांबलेले, मान टाकणारे रोप एकही नव्हते.

मात्र एक गोष्ट विक्रेत्याने सांगायला हवी होती. कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की लवकर पाणी धरत नाही. लावणीनंतर पावसाने चार दिवस उघडीप दिली, तेव्हा वाफ्यातील काळी माती ओली असूनही माझी रोपे कोमेजू लागली. एक उपटून पाहिले तर आतला गड्डा कोरडा ठणठणीत होता. चार रोपे त्यात गेली. लावणीआधी अख्खा ट्रे पाण्यात बुडवून घ्यावा आणि गड्डा मातीने पूर्ण झाकावा, एवढ्या दोन वाक्यांनी ती वाचली असती.

उरलेल्या २६ रोपांचे शेंडे मी लावणीनंतर तीन आठवड्यांनी खुडले. शेंडा खुडल्याने पहिले फूल आठवडाभर उशिरा येते, पण बगलेतून फांद्या फुटून फुलांची संख्या खूप वाढते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाडे बहरली. गच्च पाकळ्यांचे फूल पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवते आणि त्या भाराने फांदी बेचक्यातून फाटते, त्यामुळे प्रत्येक झाडाला काठी बांधावी लागली. उंच वाणाला हे करावेच लागते, त्यात रोपवाटिकेचा दोष नाही. दसऱ्याच्या सकाळी सव्वादोन किलो फुले निघाली. दाराचे तोरण, देवघर आणि गाडीचा हार, सगळे त्यात झाले, आणि लक्ष्मीपूजनालाही याच झाडांची फुले होती.

"सगळी नारंगी" असे सांगून दिलेल्या रोपांपैकी पाच पिवळी निघाली, हे मात्र मला खटकले. तोरणात दोन्ही रंग शोभतात. तरीही ट्रेवर वाणाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहिलेली असावी, कारण सणाचा हिशेब घालून रोपे घेणाऱ्याला या दोन्हींची गरज असते.

एवढे असूनही रोपे मी तिथूनच घेणार आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला येतो, म्हणून जुलैऐवजी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागवड करायची, असे ठरवून मी ४० रोपांची मागणी नोंदवली आहे.