गाळ काढला म्हणे! काढला नाही, आमच्या गेटसमोर आणून ठेवला (जेसीबी सर्व्हिसचा अनुभव, स्टार दोनच)

दोन स्टार देतेय. त्यातला दीड स्टार मशीन चालवणाऱ्या पोराचा आणि अर्धा मालकाचा, तोही एवढ्यासाठी की फोन उचलतो. काम करत नाही पण फोन मात्र पहिल्या रिंगला उचलतो आणि "ताई निघालोच बघा" म्हणतो, आणि तो नक्की कुठून निघतो ते मला दीड महिन्यात कळलेलं नाहीये.

नाव टाकत नाही. माणूस आमच्याच भागातला आहे, भाजी घेताना समोर येतो, आणि खरं सांगायचं तर उरलेलं काम अजून त्याच्याकडूनच करून घ्यायचंय. ज्यांना कोणाला जेसीबी लावून गल्लीतला गाळ काढायचाय त्यांनी आमचं काय झालं ते वाचा आणि मग काय ते ठरवा.

आमची गल्ली मखमलाबाद रोडनं आत, मळे संपून प्लॉट सुरू होतात ना तिथं. चोवीस घरं आणि पुढं डेड एंड. आम्ही यायच्या आधी इथं द्राक्षबाग होती, म्हणजे माती कसली असेल ते नाशिककरांना सांगायला नको. घर दाखवताना बिल्डर मोठ्या कौतुकानं म्हणाला होता, मॅडम इथं काडी खोचली तरी फुटते. ते काही खोटं नाही. पण काडी फुटणारी जमीन आणि गाडी चालणारी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. गल्लीला डांबर कधी लागलंच नाही, खडी-मुरमावर चाललंय, तरी इतकी वर्षं कसंबसं निभत होतं. यंदा मे महिन्यात पाइपलाइनसाठी रस्त्याच्या मधोमध चर खणला, पाइप टाकला, निम्मी माती परत ढकलली आणि निम्मी तशीच ढीग करून ठेवून मंडळी गेली ती गेलीच.

जूनमधे दोन मोठे पाऊस झाले आणि तो सगळा ढीग रस्त्यावर पसरला. चिखल म्हणजे साधा चिखल नाही, राबडा. चप्पल टाकली की चप्पल तिथंच आणि पाय पुढं. घंटागाडी कोपऱ्यावर उभी राहून गाणं वाजवायची आणि आम्ही बायका पायाला कॅरीबॅग बांधून डस्टबिन घेऊन पळायचो. शाळेची व्हॅन आत येईना, दूधवाला म्हणाला कोपऱ्यावर येऊन घेऊन जा. माझी ॲक्टिव्हा दोनदा आडवी झाली, एकदा मी वर असताना. गोदेला पाणी किती आलंय ते गावाला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं, आमच्या गल्लीत चिखल किती चढलाय ते माझ्या ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवरून कळत होतं.

मग ग्रुपवर नेहमीप्रमाणे तीन दिवस चर्चा, त्यातले दोन दिवस गुड मॉर्निंगचे फोटो आणि एक दिवस भांडण, आणि शेवटी घरटी हजार रुपये काढायचं ठरलं. बावीस घरांनी दिले. दोघांनी नाही दिले, त्यातला एक म्हणाला आमच्याकडं गाडीच नाही तर आम्ही कशाला द्यायचे. असो. हा जेसीबीवाला कोणीतरी सुचवला. येऊन रस्ता बघून गेला, बोलायला अगदी गोड, पान खाऊन हसत हसत सगळं कबूल केलं: पाच तास मशीन, चार ट्रॉली गाळ उचलून बाहेर नेणार, वर दोन हायवा (म्हणजे मोठे डंपर) मुरूम आणि रोलर. चोवीस हजार सांगितले, पंधरा ॲडव्हान्स घेतले. मी कागदावर लिहून घ्या म्हटलं तर आमचे हे म्हणाले, अगं आपलाच माणूस आहे. आता हे वाक्य घरात काढायची त्यांची टाप नाही.

ठरलं होतं रविवारी सकाळी आठला. सगळी पुरुष मंडळी फावडी घेऊन तयार, मिसळीचा बेत झालेला, पाव आलेले. मशीन आलं मंगळवारी दुपारी दोनला. सगळे अंबड-सातपूरला कंपनीत आणि वरून पाऊस चालू. गल्लीत आम्ही चार बायका, सासूबाई आणि नाना. नाना म्हणजे शेजारचे, रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते, आता रिटायर. ते छत्री घेऊन बाहेर आले आणि पहिला प्रश्न विचारला की ट्रॉली कुठंय. मशीनवरचा पोरगा सुरगाण्याकडचा, वीस-बावीसचा असेल, खाली उतरून म्हणाला, बाबा मीपण शेठला तेच विचारलं, शेठ म्हणाला साईडला लाव.

साईडला लाव. आता या दोन शब्दांत पुढचं सगळं आलं.

पुढची बकेट खाली टाकून तो सरळ गेला, परत आला, परत गेला. मधला रस्ता दिसायला लागला हे खरंय, आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या, लाज वाटते आता. कारण मधला गाळ हवेत थोडाच जाणार, तो दोन्ही कडेला सरकत सरकत प्रत्येकाच्या गेटसमोर बांध होऊन बसला. माझ्या गुडघ्याच्या वर, पार शेवटच्या घरापर्यंत. आमचं गेट आत उघडतं म्हणून वाचलो, समोरच्यांचं बाहेर उघडतं. ते सेकंड शिफ्टवाले, अंघोळ करून डबा घेऊन निघाले तर गेट जागचं हलेना. शेवटी कंपाउंडवरून उडी मारून गेले, डबा आम्ही वरून दिला. बाई माणसाचं किंवा म्हाताऱ्याचं असतं तर काय करायचं? आणि बांधाखाली ड्रेनेजचे तीन ढापे गाडले गेले, त्यामुळे रात्री पाऊस वाढला तसं पाणी जायला जागाच नाही, ते आमच्या पोर्चमधे. पहाटे तीनला मी सुपलीनं पाणी काढत होते आणि फोनमधे मालकाचा मेसेज, काम झालं आहे ताई बाकी रक्कम पाठवा, खाली हात जोडलेले.

मशीन किती वेळ चाललं माहितीये? एक तास पन्नास मिनिटं. सासूबाईंनी घड्याळ लावून बघितलं, त्यांची दुपारची सिरियल बुडली होती म्हणून त्यांच्या पक्कं लक्षात आहे. मुरूम दुसऱ्या दिवशी आला, दोनच्या जागी एक हायवा, आणि तो ओल्या चिखलावर तसाच ओतला. रोलर नाही. नाना हात जोडून सांगत होते की अरे बाबा खालचा राबडा निघाल्याशिवाय मुरूम टाकू नको, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वरून टाकलेलं सगळं गिळते. ऐकणार कोण. चार दिवसांत मुरूम गायब. ग्रुपवर एकानं लिहिलं, चोरला का कोणी. चोरला नाही हो, खाली गेला, आमचे पैसेपण त्याच्याबरोबर.

हे सगळं मी रविवारी भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते. तो अमेरिकेत बफेलोला असतो (सासूबाई त्याला म्हशीच्या गावचा म्हणतात). मला वाटलं हसेल, तर तो म्हणतो मामी, सेम टू सेम. तिकडं बर्फ काढायला म्युनिसिपालटीचा प्लाऊ येतो, पुढं तिरकं पातं लावलेला ट्रक, तो मधला रस्ता साफ करत जातो आणि सगळा बर्फ कडेला, म्हणजे लोकांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी. तुम्ही सकाळी दोन तास फावड्यानं गाडीपुरती वाट करायची आणि आत जाऊन चहा पिऊन बाहेर यायचं तर पुन्हा बांध. आणि तो बांध भुसभुशीत नसतो, दाबलेला, मिठाच्या पाण्यानं ओला, रात्री गोठला की दगड. परत रस्त्यावर ढकलायचा तर तेही कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२२ मधे त्याच्या जवळच्या दोन-तीन गावांत चार दिवसांत साडेसहा फुटांच्या वर बर्फ पडला होता, तेव्हा याच्या गल्लीत प्लाऊ आलाच नाही कारण मोठे रस्ते आधी आणि राहत्या गल्ल्या शेवटी, असा तिकडं नंबर असतो. मी म्हटलं मग मीठ टाका ना, तुम्ही टाकता म्हणे. तर म्हणतो उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की साधं मीठपण फारसं चालत नाही. ऐकून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फरक एवढाच की त्यांचा बांध उन्हानं वितळून जातो, आमचा उन्हानं विटेसारखा पक्का होतो. दोन दिवस उघडीप मिळाली तर त्यावर फावडं मारल्यावर टण् असा आवाज यायला लागला.

भाच्यानं एक युक्तीपण सांगितली. तिकडचे जुने लोक काय करतात, प्लाऊ ज्या बाजूनं येतो त्या बाजूला ड्राइव्हवेच्या अलीकडं थोडी जागा आधीच मोकळी करून ठेवतात, म्हणजे पात्यावरचा बर्फ त्या खाचेत पडतो आणि दार मोकळं राहतं. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात म्हणून घरातून रस्त्याकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला खाच. मी हिशोब केला की आपल्याकडं सगळं उलटं, म्हणजे उजव्या हाताला. मालकाला रोज फोन करून करून आठवड्यानं मशीन परत यायचं कबूल झालं होतं, तर आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी आणि मी मिळून गेटच्या उजव्या बाजूला चांगली पाच फुटांची खाच केली. कंबरडं मोडलं. अख्खी गल्ली बघून गेली, हे काय म्हणून. मी म्हटलं उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं ते आधी सरळ डेड एंडपर्यंत गेलं आणि तिकडून खरवडत बाहेर आलं. म्हणजे डावीकडून. आमच्या गेटसमोर पहिल्यापेक्षा मोठा ढीग आणि खाच रिकामी. मग त्या खाचेत पाणी भरलं आणि गल्लीतलं काळं कुत्रं दुपारभर तिच्यात बसायला लागलं, त्याची सोय झाली. आमचे हे अजून मला भेटेल त्याच्यासमोर बफेलोवाली म्हणतात.

ट्रॉली याही वेळी नव्हतीच. पण त्या पोरानं एक केलं, मालकाला न सांगता मागची बकेट वापरून तिन्ही ढापे मोकळे करून दिले आणि समोरच्यांचं गेट उघडेल एवढी वाट हातानं फावड्यानं करून दिली, आणि जाताना म्हणाला, ताई गाळ सरकवला की तो तुमचाच राहतो, उचलला तरच जातो, पण डिझेल शेठचंय. त्याला चहा आणि दोन पोळ्या-भाजी दिली. दीड स्टार त्याचे ते याच्यासाठी.

बाकी नाना जे सांगतात ते लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी गटार आणि ढापे मोकळे करायचे, मग मशीन. मशीनबरोबर ट्रॉली उभी पाहिजे, नसेल तर मशीनला गल्लीत शिरूच द्यायचं नाही. पावसात काम करायचं नाही, दोन-तीन दिवसांची उघडीप बघायची. खालची घट्ट जमीन लागेपर्यंत राबडा काढायचा, मग मुरूम एकदम न ओतता वीतभराच्या आतले थर करायचे, प्रत्येक थरावर रोलर. आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता, मीटरला तीन-चार सेंटीमीटर तरी ढाळ, नाहीतर पाणी मधेच बसतं आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच रामायण. आमचा रस्ता आता बरोबर उलटा झालाय, मधे खोल आणि कडेला बांध, पाऊस आला की ओढा. नाना म्हणतात कॅनॉल म्हणून दाखवला तर बिल पास होईल.

पैशाचं म्हणाल तर पंधरा गेले, गोळा झालेल्यातले सात आमच्याकडं आहेत आणि ते ट्रॉली डोळ्यांनी दिसल्याशिवाय देणार नाही असं ग्रुपवर एकमतानं ठरलंय, या ग्रुपवर पहिल्यांदाच काहीतरी एकमतानं ठरलं. मालक रोज फोन उचलतो. परवा म्हणाला गणपतीच्या आधी नक्की, ताई तुमच्या बाप्पाच्या आधी मी येतो.

पण आता आमच्याकडंच एक अडचण झालीय. त्या गेटसमोरच्या ढिगावर सासूबाईंनी जुलैमधेच गिलक्याचं बी टोचलं होतं, मला न सांगता. वेल कंपाउंडवर चढलाय, पिवळी फुलं लागलीत आणि काल पहिली दोन गिलकी निघाली, कोवळी, भजी केली. त्यांनी मला बजावून ठेवलंय की ट्रॉली आलीच तर सगळ्यांचे ढीग उचलायला सांग, आपला सोडून.