कंपनीच्या स्पीकरला बाहेरचा अँप: स्टिरिओ ठेवायचा की काढायचा?

मावसभावानं सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला जाऊन आल्यावर त्याचा फोन, "दादा, आवाज वाढवला की नुसता कलकलाट, अँप बसवू काय?" बसव की. पण दुकानात गेलास की ते वॅट सांगत बसणार, आणि खरा प्रश्न वॅटचा नाहीच, अँपला (अँप्लिफायरला, म्हणजे आवाजाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) सिग्नल कुठनं द्यायचा हा आहे. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न लय जणांचा असतोय.

आधी एक हिशोब. कंपनीच्या स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ असं छापलेलं असतंय ना, ते आवाज पूर्ण फाटल्यावरचं. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात आणि तेवढ्यात ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात २६ वॅटच्या वर निघूच शकत नाहीत, प्रत्यक्षात १५ ते २० धरा. म्हणून हायवेला काचा बंद करून सुद्धा टायरच्या आवाजात बेस गायब होतो. अँप आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतो, त्यामुळं त्याच स्पीकरमधनं फरक पडतो, आणि कंपनीच्या कागदी कोनच्या स्पीकरला चॅनेलमागं, म्हणजे एका स्पीकरमागं, ४०-५० वॅट आरएमएसचा (सतत देता येणारा खरा जोर) अँप बास झाला. त्याच्या वर नको, स्पीकर जीव सोडतील.

आता रस्ते. सगळ्यात सरळ म्हणजे स्टिरिओ आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या मागनं निघणाऱ्या स्पीकरच्या वायरी हाय-लेव्हल इनपुटवाल्या (स्पीकरच्या वायरी थेट घेणाऱ्या) अँपमध्ये घालायच्या. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, टचस्क्रीन सगळं शाबूत राहतंय. बऱ्याच नव्या अँपना रिमोट वायर (अँपला चालू हो म्हणून सांगणारी) पण लागत नाही, स्पीकरच्या वायरीवर व्होल्टेज आलं की आपोआप चालू होतात. तोटा एकच पण मोठा आहे: काही कंपन्यांचे स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस मुद्दाम कापतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. मग अँप तोच कापलेला आवाज मोठा करून देणार. तुमच्या गाडीत हे आहे का बघायचं तर हलगी-घुमक्याचं (हलगीचा आवाज बारीक, घुमक्याचा जाड) काहीतरी लावा आणि आवाज हळूहळू वर न्या. दोन्ही बरोबर वाढत गेलं तर ठीक, पण हलगी कानात घुसायला लागली आणि घुमकं जिथल्या तिथंच राहिलं तर तुमचा स्टिरिओ बेस खातोय. हे दहा रुपयेसुद्धा खर्च न करता कळतंय आणि तरी कोण करत नाही.

दुसरा म्हणजे मधे कन्व्हर्टर लावायचा, जो स्पीकरच्या सिग्नलचा आरसीए (अँपच्या साध्या इनपुटला लागणारा बारका सिग्नल) करून देतो. अँप आधीच घरात पडलाय आणि त्याला हाय-लेव्हल इनपुट नाही, तरच ह्याच्या नादाला लागावं असं माझं मत. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये बारका ट्रान्सफॉर्मर असतो, तो खालचा बेस नीट सोडत नाही. आणि वायरिंग चुकलं की वाट लागते, हे माझ्या पैशानं शिकलोय. माझ्या आधीच्या गाडीत बसवणाऱ्यानं चारी स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र पिळल्या आणि बॉडीला दिल्या, मी विचारलं तर म्हणाला, "ओ साहेब, सगळं अर्थिंगच की." नाही हो. कंपनीच्या स्टिरिओत स्पीकरची एकही वायर अर्थिंग नसते, दोन्हीवर सहा-सात व्होल्ट बसलेले असतात. कोल्हापुरात कावळा नाक्यापर्यंत गाणं वाजलं, मग स्टिरिओ हाताला चटका बसेल इतका तापला आणि गप झाला तो कायमचाच. दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर वाचवायला गेलो आणि स्टिरिओ घालवला.

तिसरा, स्टिरिओच बदलायचा आणि आरसीए आउटपुटवाला नवीन घ्यायचा. आवाजाच्या हिशोबानं हाच सगळ्यात स्वच्छ, कारण सिग्नल २ ते ४ व्होल्टचा थेट मिळतो, बेस कापायची भानगड नाही, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारा) आतच असतो. जुनी गाडी असेल, साध्या चौकोनी खाचेत बसलेला स्टिरिओ असेल, तर डोळे झाकून हेच करा. पण नव्या गाडीत जिथं स्क्रीनवरच कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग आहेत तिथं फ्रेम, स्टिअरिंगचा अडॅप्टर असं करत करत खर्च अँपच्या पुढं जातो, आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरवाल्याला आयतं कारण मिळतं.

दारापर्यंत नवीन जाड वायर ओढायची का, हे लय जण विचारतात आणि दुकानवाला तर ओढाच म्हणणार. कंपनीची वायर बारीक असते, २० गेज धरली (गेजचा आकडा मोठा तशी वायर बारीक) आणि चार मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन आठ, तरी रोध जेमतेम पाव ओहम होतो. आवाजात अर्धा डेसिबल फरक, कानाला कळत नाही. त्यासाठी दाराच्या रबरी नळीतनं नवीन वायर घुसवायची, ती नीट नाही बसली की आपल्याकडच्या पावसाळ्यात दारातलं पाणी थेट आत. मी तरी कंपनीचीच वापरतो. स्टिरिओच्या मागच्या कपलरला जोडणारा जोड-हार्नेस मिळतो, त्यातनं आठ वायरी अँपकडं न्यायच्या आणि आठ परत दाराकडं आणायच्या, मूळ वायर कुठंच कापायची नाही. फक्त स्टिरिओकडची आणि दाराकडची बाजू चुकून एकत्र झाली तर अँपचा सगळा जोर उलटा स्टिरिओत जाणार, तेव्हा टेप लावून नावं लिहा.

पॉवरच्या वायरीत मात्र कंजूषी नको. क्लास डी (कमी करंट खाणारा, कमी तापणारा प्रकार) चा ५० गुणिले ४ अँप पूर्ण जोरात साधारण १८ अँपिअर खातो, त्याला ८ गेज पुरते. तेवढाच क्लास एबी तीसच्या आसपास जातो आणि सीटखाली शेगडी होते ती वेगळीच. वायरिंग किट घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं निघालं की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, मग एक साइज जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, त्याला पर्याय नाही, कारण तो अँपसाठी नसतो, बॉनेटमधनं येणारी वायर घासून आग लागू नये म्हणून असतो. अर्थिंगला पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत करायचा. तो राहिला तर एक्सलेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, माझ्या मित्रानं गगनबावड्याचा अख्खा घाट तसली शिट्टी ऐकत उतरलाय.

एक तपासणी राहिलीच. स्पीकरची वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ३.२ ते ३.८ दाखवलं तर ४ ओहमचा स्पीकर, बिनधास्त. दोनच्या खाली आलं तर कंपनीनंच मधे कुठंतरी अँप दिलाय, तिथं वरचं सगळं गणित बदलतं, घाई करू नका.

मावसभावाच्या गाडीत घुमकं बऱ्यापैकी वाढलं, म्हणजे त्याचा स्टिरिओ बेस खात नाही, तेव्हा पहिला रस्ता, हाय-लेव्हलचा बारका क्लास डी सीटखाली, हाय-पास ८० हर्ट्झला, म्हणजे त्याच्या खालचा बेस ह्या स्पीकरकडं जात नाही. आणि तो कलकलाट निम्मा दाराच्या पॅनलचा निघाला, तीन क्लिपा तुटलेल्या होत्या. त्या शाहूपुरीतनं आणायला सांगितल्यात. अँपचं पुढच्या रविवारी, मल्टिमीटर माझा, मिसळ त्याची.