एमपीटीएच, शॉर्ट कोर्स की परदेश? कोल्हापुरातून बघताना

इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने उरले की राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ज्युनिअर मुलं-मुली डोकावायला लागतात. आधी चहा, मग इकडचं तिकडचं, आणि निघताना चपला घालता घालता खरा प्रश्न येतो, "मॅडम, पीजी करू का?" मी उलट विचारते, कशासाठी? तिथं बहुतेकांची गाडी अडते. घरचे म्हणतात, मैत्रीण करतेय, नुसत्या बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, कोण विचारतं, अशी उत्तरं येतात.

विचारतात की. बीपीटीएच आणि राज्य परिषदेची नोंदणी एवढ्यावर स्वतःचं क्लिनिक चालतं. भिंतीवरची फ्रेम पेशंट वाचत नाही. परवा बावड्याच्या एक आजी आल्या होत्या, गुडघा धरून. त्यांना एवढंच हवं होतं की देवघरापुढं पाटावर बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं. माझी डिग्री त्यांनी आजवर विचारलेली नाही. पण कॉलेजात शिकवायचं असेल, तर एमपीटीएचशिवाय, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीशिवाय, दार उघडत नाही. पीएचडीची वाटही तिथूनच जाते. तेव्हा शिकवायची ओढ असेल, तर पुढचं वाचू नका, फॉर्म भरा.

बाकीच्यांपुढं तीन वाटा असतात.

एक, नोकरी करत करत शॉर्ट कोर्स. मुलिगन आणि मेटलँड या हातानं सांधे हलवायच्या पद्धती, ड्राय नीडलिंग म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचणं, टेपिंग म्हणजे पट्ट्या चिकटवणं. शनिवार-रविवारी पुण्याला जायचं आणि सोमवारी शिकलेलं पेशंटवर वापरायचं. मुलिगनमध्ये पेशंट स्वतः हालचाल करत असताना आपण सांधा धरून सरकवतो, त्यामुळं खांदा जिथं अडायचा तिथून पुढं जाताना पेशंटच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. हाताला कसब येतं, खर्च पीजीच्या मानानं थोडा, पगार चालू. खोट एवढीच की हे सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नव्हे, शिकवायच्या जागेसाठी ते धरत नाहीत. दुसरं, दोन दिवसांत तंत्र येतं, पण ते कुणावर वापरायचं नाही हे येत नाही. सहा सर्टिफिकेटं लॅमिनेट करून लावलेली आणि रिफ्लेक्स तपासायचा हातोडा ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला, अशी क्लिनिकं मी पाहिली आहेत.

दोन, एमपीटीएच. पूर्णवेळ दोन वर्षं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना राज्याची सीईटी लागते, अभिमत विद्यापीठांचं प्रवेशाचं गणित वेगळं. आपल्याकडे कसबा बावड्यात डी. वाय. पाटीलचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, कराडला कृष्णा, बेळगावला केएलई. कराड दीड तासावर, महामार्गाच्या कामात अडकला नाहीत तर. रोज ये-जा करून पीजी होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रात्री नऊला दमून घरी पोचल्यावर प्रबंध कोण लिहिणार?

प्रबंधावरून आठवलं. मी ऊसतोड मजुरांच्या कंबरदुखीवर विषय घेतला होता. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला इतका वेळ गेला की हंगाम उतरणीला लागला. पहिली तपासणी झाली आणि फॉलो-अपला गेले तर फडात कुणी नाही, टोळ्या बीडला परत गेलेल्या. वर्षभर थांबावं लागलं. विषय निवडताना पेशंट सहा महिन्यांनी कुठं असेल हे आधी बघा, गाइड हे सांगतीलच असं नाही.

खरी मारामारी स्पेशालिटीवरून. स्पोर्ट्सला सगळ्यांचा ओढा, आणि कोल्हापुरात तो असणारच. खासबागचं कुस्तीचं मैदान, गंगावेश आणि मोतीबाग तालीम, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. पण पैलवानाचा गुडघा सुजला की तो आधी वस्तादांकडं जातो, मग तेल मालिश, मग हळदीचा लेप, आणि सगळं थकल्यावर आपल्याकडं. तोवर लिगामेंट गेलेलं असतं. त्यात फी सांगायला आपल्यालाच लाज वाटते. आवड असेल तर जरूर घ्या, पण पोट त्यावर भरेल असं धरू नका. मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-सांधे-स्नायू, घेतलेल्याला काम कमी पडत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत वजन उचलणारे, हुपरीत दिवसभर मान वाकवून चांदीवर काम करणारे, आयटीवाले, सगळे त्याच्याच दारात. न्यूरोमध्ये अर्धांगवायूचा एक पेशंट महिनोन् महिने असतो, घरी जाऊन करायचं काम. पलंगापासून दारापर्यंत आज अकरा पावलं, काल नऊ. संयम असणाऱ्यानंच घ्यावं. कार्डिओ-रेस्पिरेटरी म्हणजे आयसीयू आणि बायपासनंतरचे पेशंट. ते शिकून स्वतःचं क्लिनिक थाटणं अवघड, मोठ्या हॉस्पिटलची नोकरीच बरी.

तीन, परदेश. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. एजंट सांगतो, ब्रिटनला वर्षभराचं एमएस्सी करा की झालात तिथले फिजिओ. तसं नाही. तिथं काम करायला एचसीपीसी या तिथल्या परिषदेची नोंदणी लागते, आणि ती मिळवताना मुख्यतः तुमचं इथलं बीपीटीएच आणि अनुभव तपासतात. वर्षभराचं स्पोर्ट्सचं एमएस्सी केलं म्हणून नोंदणी आपोआप होत नाही. नोंदणीला पात्र करणारा प्री-रजिस्ट्रेशन मास्टर्स वेगळा, साधारण दोन वर्षांचा. दोन्हींच्या नावात फिजिओथेरपी असल्यानं फसायला होतं. ऑस्ट्रेलियात तिथल्या फिजिओथेरपी कौन्सिलची लेखी आणि क्लिनिकल परीक्षा द्यावी लागते. तेव्हा जायचंच असेल, तर आधी नोंदणीची फाइल हलवा, इंटर्नशिपचे तास आणि विषयवार अभ्यासक्रम कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा, कोर्सचं मग बघू. शेत गहाण टाकून आधी फी भरणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

माझं विचाराल तर पास झाल्या झाल्या पीजीला बसू नका. वर्षभर कुठंतरी राबा. सीपीआर या इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीसारख्या गर्दीत उभं राहिलं की तीन महिन्यांत कळतं, कुठला पेशंट आला की आपण पुढं सरकतो आणि कुठला आला की फाइल दुसऱ्याकडं ढकलतो. स्पेशालिटी त्यावरून ठरवा. शिकवायचंच पक्कं असलेल्यांना मात्र वर्ष घालवायची गरज नाही.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. पीजीच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. दिवसाला किती पेशंट हाताखालून जातात, स्टायपेंड कागदावर किती आणि हातात किती, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, हे तीनच प्रश्न विचारा. मधल्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडं बघून हसली, तर चहाचे पैसे तुम्हीच द्या.